जर्मनीत जुनी मॉडिफाइड बॉक्सर: आधी कागद, मग टॅपेट, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

पुण्या-मुंबईत गाडी मॉडिफाय करायची म्हणजे ओळखीचा मिस्त्री गाठायचा, हँडल कसलं हवं ते दाखवायचं, सायलेन्सर निवडायचा आणि आठवड्याने गाडी उचलायची. आरसी बुकाची आठवण फार तर गाडी विकताना होते. हीच सवय घेऊन जर्मनीत आलात तर पहिल्याच तपासणीत गाडी अडकेल. इथे कामाचा क्रम पाळावा लागतो, कागदांमध्ये आणि इंजिनातही. बहुतेक जण दोन्हीकडे तो उलटा करतात: हँडल आधी बदलतात आणि परवानगी मग शोधतात, कार्ब्युरेटर आधी पिळतात आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मग बघतात.

उदाहरणाला मी बीएमडब्ल्यूची टू-व्हॉल्व्ह बॉक्सर (दोन आडवे, समोरासमोर सिलिंडर असलेली) घेतोय, आर ८०/७ किंवा नंतरची मोनोलिव्हर, म्हणजे मागचं चाक एकाच बाजूने धरलेली आर ८०. बर्लिनच्या श्पांडाऊ कारखान्यात १९६९ पासून या मोटारसायकली बनू लागल्या आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे इंजिन चाललं. सुटे भाग आजही मिळतात. चेनऐवजी शाफ्ट. सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे स्टुलावर बसून टॅपेट सेट करता येतात. शिवाय मागची छोटी फ्रेम मुख्य फ्रेमला बोल्टने जोडलेली असते. मॉडिफाय करणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे. का, ते पुढे येईल. बुलेट, येझदी किंवा राजदूतवर हात साफ केलेल्या माणसाला यातलं काहीही परकं वाटणार नाही.

लायसन्स, मग गाडी

भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन लायसन्स लागतं, आणि परीक्षेतून सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. तुमच्या भारतीय लायसन्सवर टू-व्हीलर असली तरी इथे फक्त कारची परीक्षा दिलीत तर मोठ्या बाइकचा वर्ग मिळत नाही. त्याची प्रत्यक्ष परीक्षा वेगळी. मोटारसायकलच्या मधल्या, ए-२ वर्गाची मर्यादा ३५ किलोवॅट आहे आणि ५० पीएसची आर ८० भरते ३७ किलोवॅट. दोन किलोवॅटसाठी अडाल, म्हणून थेट ए वर्गच करा. त्यासाठी साधारण वयाची २४ वर्षं पूर्ण हवीत. लायसन्सशिवाय चालवणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. व्हिसावर राहणाऱ्याने तो धोका पत्करूच नये.

गाडी निवडताना पहिली नोंदणी कधीची आहे ते बघा. १ जानेवारी १९८९ पासून पुढे नोंदलेल्या मोटारसायकलींना धुराची चाचणी लागते, त्याआधीच्यांना लागत नाही. सायलेन्सर आणि जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक नळी) बदलायचा विचार असेल तर ही तारीख गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाची.

मग कागद. दोन असतात: रोज जवळ बाळगायचा फार्त्सॉइगशाइन आणि मालकीचा फार्त्सॉइगब्रीफ. दुसरा कागद ‘घरात कुठेतरी आहे’ असं विक्रेता म्हणाला तर चहा पिऊन निघून या. फ्रेमचा नंबर हँडलच्या मानेजवळ असतो, इंजिनाचा डाव्या बाजूला ऑइलच्या डिपस्टिकच्या वर. मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही वाचा आणि कागदाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. सत्तरच्या दशकातल्या गाड्यांवर हे दोन्ही नंबर सारखेच असायचे. वेगळे दिसले तर इंजिन बदललेलं आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या.

गाडी आधीच मॉडिफाइड असेल तर शाइनवरच्या शेरे-विभागाची ओळ न ओळ वाचा. तिथे हँडलचा मेक, मागची फ्रेम, एक सीट की दोन, टायरचे पर्यायी साइझ असं सगळं लिहिलेलं असायला हवं. ‘ट्यूफवाला ओळखीचा आहे, काही बोलत नाही’ (ट्यूफ म्हणजे गाड्या तपासणारी संस्था) हे वाक्य जर्मन उच्चारात ऐकलं तरी त्याचा अर्थ आपल्याकडे असतो तोच. कागदावर नसलेली गोष्ट तुमच्या माथी येणार, हे धरून चाला.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघायची असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. क्लच दाबूनही गिअर खडखडत पडत असतील तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचा कोरड्या पडलेल्या असू शकतात. त्यांना ग्रीस लावण्यासाठी गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो, काम अख्ख्या दिवसाचं. व्यवहाराला एडीएसी या वाहनचालकांच्या क्लबचा छापील करारनामा वापरा.

नोंदणीच्या ऑफिसात पासपोर्टबरोबर राहत्या पत्त्याचा नोंदणी दाखला, विमा असल्याचा पुरावा म्हणून ईव्हीबी नंबर, दोन्ही कागद, ट्यूफचा चालू रिपोर्ट आणि करासाठी बँक खात्याचा आयबीएएन लागतो. आपल्या पासपोर्टवर जर्मन पत्ता नसतो, त्यामुळे पत्त्याचा दाखला विसरलात की हेलपाटा नक्की.

मॉडिफिकेशन: पाना उचलण्याआधी फोन उचला

नियम थोडक्यात असा. ज्या बदलामुळे गाडीचा प्रकार बदलतो, धोका निर्माण होऊ शकतो किंवा धूर-आवाज वाढतो, त्या बदलाने गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपते. दंड सोडा, अपघात त्या बदलामुळे झाला तर विमा कंपनीही अडून बसू शकते.

म्हणून प्रत्येक पार्टबरोबर कुठला कागद येतो ते विकत घेण्याआधी विचारायचं. ई-मार्क (युरोपीय मंजुरीची खूण) कोरलेला आरसा, इंडिकेटर किंवा लाइट असेल तर नियमात सांगितलेल्या जागी बसवा, झालं. सायलेन्सरला मात्र ई-मार्क असून भागत नाही, तो तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर हवा. एबीई, म्हणजे पार्टची सर्वसाधारण मंजुरी, असेल तर तो कागद जवळ बाळगायचा; त्यात तुमच्या मॉडेलचं नाव आहे ना, हे तपासा. टाइलेगुटआख्टेन, म्हणजे पार्टचा तज्ज्ञ-अहवाल, असेल तर पार्ट बसवल्यावर लगेच तपासणीसाला दाखवून शेरा मारून घ्यायचा. आणि यातलं काहीच नसेल तर आइनत्सेलआब्नामे, म्हणजे अधिकृत तज्ज्ञाने तुमच्या एका गाडीची वेगळी तपासणी करून मंजुरी देणं. अशक्य नाही, फक्त महाग आहे आणि त्या माणसाच्या मर्जीवर आहे.

तज्ज्ञाला कामाआधी भेटा. स्केच, पार्टची लिंक, फ्रेमचा फोटो घेऊन जा आणि विचारा, ‘असं करायचंय, तुम्ही काय बघाल?’ जर्मन तपासणीस तयार गाडी बघून कपाळाला आठ्या घालतो, पण कामाआधी सल्ला मागायला आलेल्याला अर्धा तास देतो. हा माझा ठाम अनुभव आहे.

आता ती मागची फ्रेम. कॅफे रेसर किंवा स्क्रॅम्बलर करायचा तर मागचा भाग आखूड करावा लागतो. मुख्य फ्रेमला ग्राइंडर लावलात तर बहुतेक ठिकाणी दार बंद. बॉक्सरला मात्र मागची फ्रेम सुटी असल्यामुळे मूळची काढून, पुसून माळ्यावर ठेवता येते आणि कागदासकट मिळणारी आखूड फ्रेम बोल्टने बसवता येते. एका सीटची केलीत तर ‘एक सीट’ अशी नोंद करून घ्या. नाहीतर मागच्याचे फूटरेस्ट आणि धरायचा पट्टा कुठे आहे असं विचारतात.

हँडल बदललं असेल तर तपासणीस काय करतो ते बघण्यासारखं असतं. इंजिन चालू ठेवून तो हँडल सावकाश डावीकडे शेवटपर्यंत नेतो, मग उजवीकडे. आवाज जरा जरी वाढला तरी हात थांबतो. रेसची केबल आखूड पडली किंवा टाकीखाली अडकली की वळणावर गाडी आपोआप रेस होते, आणि त्याला नेमकं तेच पकडायचं असतं. पाठोपाठ ब्रेकचा होज ताणतो का, अंगठा टाकीला लागतो का. हीच चाचणी तुम्ही घरी करून जा. फेल होण्याचं निम्मं कारण इथेच संपतं.

एच-नंबरप्लेटबद्दल, म्हणजे जुन्या ऐतिहासिक गाड्यांच्या प्लेटबद्दल, आपल्या लोकांत फार कौतुक आहे. गाडी ३० वर्षांची हवी, स्थिती चांगली हवी आणि बदल त्या काळाला शोभणारे हवेत. कारवाल्यांचा त्यात मोठा फायदा. मोटारसायकलचा हिशेब करून बघा: एच-प्लेटचा वार्षिक कर ४६.०२ युरो. साध्या प्लेटला दर २५ सीसीला १.८४ युरो, म्हणजे ७९७ सीसीला ५८.८८ युरो. वर्षाला तेरा युरोही वाचत नाहीत. पर्यावरण-झोनचं स्टिकर मोटारसायकलला तसंही लागत नाही. आजच्या पद्धतीचे एलईडी, आधुनिक शॉकअप, डिजिटल मीटर लावायचे असतील तर एच-प्लेटचा नाद सोडा. त्यापेक्षा मार्च ते ऑक्टोबरची सीझन-प्लेट घ्या: कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. फक्त उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही.

काम करायचं कुठे

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा हा खरा प्रश्न. तळघरातल्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला घरमालकाची ना असते. रस्त्यावर विनाकारण इंजिन चालू ठेवणं नियमाने बंद आहे, आणि तुमचं ट्युनिंग हे खिडकीतून बघणाऱ्या आजींच्या दृष्टीने विनाकारणच असतं. रविवारी तर नावच काढू नका. यावर उतारा म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं सेल्फ-हेल्प वर्कशॉप. लिफ्ट, टॉर्क पाना, कचऱ्याची सोय, सगळं तिथे असतं. जळकं ऑइल, नवं जिथून विकत घेतलं त्या दुकानातच परत देता येतं. जेवढं घेतलं तेवढं ते फुकट घेतात, पावती मात्र जपून ठेवा.

पार्टसाठी बीएमडब्ल्यूचा काउंटर आहेच. स्टुटगार्टजवळ वेंडलिंगेनला झीबेनरॉक हे बॉक्सरवाल्यांचं ठरलेलं दुकान. जुन्या बाजाराची मजा हवी तर ऑक्टोबरात मानहाइमचा व्हेटेरामा. आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त घासाघीस हळू आवाजात.

ट्युनिंगचा क्रम: टॅपेट, टायमिंग, कार्ब

गाडी आयडलला हलते, मध्येच मिस मारते, पिकअप नाही, की दहापैकी नऊ जण कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. टॅपेट चुकीचे असताना कार्ब जुळवला तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते, आणि पुढच्या वेळी टॅपेट बरोबर केले की गाडी आणखी बिघडल्यासारखी वाटते. म्हणून कार्ब सगळ्यात शेवटी.

सुरुवात इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पुढचं कव्हर उघडायचं असेल तर हे सक्तीचं आहे, कारण आतल्या डायोड बोर्डाला कव्हर टेकलं तर शॉर्ट होतो. दोन्ही प्लग काढा, गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हाताने फिरवा. डाव्या बाजूला डिपस्टिकजवळचं रबरी बूच काढलं की फ्लायव्हील दिसतं. ‘ओटी’ ही खूण खिडकीच्या मधोमध आली की पिस्टन वर आहेत. ज्या बाजूचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात त्या बाजूचे टॅपेट आत्ता बघायचे. दुसऱ्या बाजूसाठी क्रँक पूर्ण एक फेरा.

आर ८० ला इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. इनलेट मागे कार्ब्युरेटरकडे, एक्झॉस्ट पुढे. फीलर गेजची पाती ओढताना जराशी धरल्यासारखी वाटली पाहिजे. ०.१० ची जाते आणि ०.१५ ची जात नाही, अशी दोन पात्यांनी खात्री करा. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. हेड नुकतंच उघडलं असेल तर टॅपेटच्या आधी हेडचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्कने बघून घ्या.

एक नोंदवही ठेवा. दर वेळी एक्झॉस्टचा गॅप कमी झालेला सापडत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे. शिसेविरहित पेट्रोल येण्याआधीच्या हेडवर, म्हणजे १९८५ च्या आधीच्या गाड्यांत, हे होतं. टॅपेट ढिले करत राहणं हा उपाय नाही, नव्या सीट बसवाव्या लागतात. कान इथे फसवतात: टॅपेटचा टकटक आवाज करणारी बॉक्सर निरोगी असते, अचानक शांत झालेलीची चिंता करा.

मग टायमिंग. १९८० पर्यंतच्या गाड्यांना पॉइंट असतात, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. १९८१ पासून इलेक्ट्रॉनिक. आता प्लग आणि बॅटरी परत जोडा आणि स्ट्रोबचा दिवा त्याच खिडकीवर धरा. आयडलला ‘एस’ खूण, साधारण तीन हजार आरपीएमला ‘एफ’ खूण जागेवर यायला हवी. खूण दोन-दोन दिसत थरथरत असेल तर कॅमशाफ्टची टायमिंग चेन किंवा ॲडव्हान्सचे स्प्रिंग ढिले आहेत. इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी एक पथ्य पाळायचं: प्लगची टोपी मोकळी लोंबकळत ठेवून स्टार्टर मारायचा नाही. प्लग टोपीत घालून हेडला टेकवा, नाहीतर मॉड्यूल उडतं.

आता कार्ब्युरेटर. आर ८० चे बिंग ३२ मिमीचे, व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारे. वरचं झाकण काढून रबरी डायफ्राम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं भोक असलं तरी ती बाजू वर ओढणार नाही. फ्लोट बोलची तारेची क्लिप सरकवून तळाला पाणी किंवा गंज आहे का बघा. जुन्या टाकीत तो असतोच.

पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा आणि समोर मोठा पंखा लावा. हवेने थंड होणारं इंजिन जागेवर उभं राहून तापतं, आणि तापलेल्या इंजिनावर केलेलं सेटिंग रस्त्यावर चुकीचं ठरतं. दोन्ही रेस केबलना कार्बजवळ थोडा मोकळेपणा द्या, म्हणजे आयडल फक्त स्टॉप-स्क्रूवर टिकेल. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून साधारण एक फेरा उघडा. मग एका बाजूचा स्क्रू पाव फेरा आत घ्या आणि थांबा. हे थांबणंच लोक विसरतात, इंजिनाला बदल कळायला दोन-तीन सेकंद लागतात. आवाज खाली बसला तर परत बाहेर. जिथे आयडल सगळ्यात वर आणि सगळ्यात सलग लागतो ती जागा. मग दुसरी बाजू. शेवटी स्टॉप-स्क्रूने आयडल ८०० ते १००० वर आणा.

दोन्ही बाजू सारख्या खेचतात का, हे व्हॅक्यूम गेजवर बघा. कार्बवर त्यासाठी छोटा स्क्रू असेल तर पारदर्शक नळीत ऑइल भरून केलेला घरगुती यू-मॅनोमीटरही चालतो, फक्त नळी लांब घ्या, नाहीतर इंजिन ते ऑइल पिऊन टाकेल. आधी आयडलला स्टॉप-स्क्रूने, मग १५०० ते २००० आरपीएमला केबलच्या ॲडजस्टरने जुळवा. बरोबर जुळलं की हँडलमधली मुंग्या येणारी थरथर निम्म्यावर येते.

मॉडिफिकेशन आणि जेट

एअरबॉक्स काढून शंकूसारखे फिल्टर लावायची हौस सगळ्यांनाच असते, बॅटरीखालची जागा मोकळी दिसते ना. माझं मत स्पष्ट आहे: बिंगला ते मानवत नाहीत. स्लाइड उचलणारं व्हॅक्यूम आतल्या हवेच्या प्रवाहावर अवलंबून असतं, आणि वारा आडवा लागला की मधल्या थ्रॉटलला खड्डा पडतो. फोटोसाठी दोन पॉड, आणि आल्प्सच्या घाटात ट्रकच्या मागून निघताना पिकअप गायब. तरी लावणारच असाल तर मुख्य जेट वाढवावा लागेल, सुईची खाच बदलावी लागेल, आणि आवाज वाढल्यामुळे मंजुरीचा प्रश्न वेगळाच.

टू-इन-वन (दोन्ही सिलिंडरना मिळून एकच) सायलेन्सर लावला असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. पूर्ण थ्रॉटलला अडखळते तर मुख्य जेट, मधे अडखळते तर सुई, आयडलवरून उचलताना अडखळते तर आयडल जेट आणि मिक्श्चर. प्लगच्या रंगावर आजच्या पेट्रोलमध्ये फार भिस्त ठेवू नका. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन थोडा कमी करा; कमी केल्यावर ओढ वाढली तर मुख्य जेट लहान आहे. स्टुटगार्टला जुळवलेली गाडी २७५७ मीटरच्या श्टिल्फ्सर योख घाटावर थोडी जड चालेल, ते स्वाभाविक आहे. तिथे स्क्रूला हात लावू नका.

१००० सीसीचा किट बसवणाऱ्यांनी लक्षात घ्या, सीसी बदलली की शाइन, कर आणि विमा तिन्ही बदलतात.

आल्प्सला निघण्याआधी शाइनमधला यू.१ रकाना बघा. तिथे उभ्या गाडीचा आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. ऑस्ट्रियात टिरोलच्या रॉइटं जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वरच्या मोटारसायकलींना बंदी आहे, आणि पोलीस कागदावरचा आकडा बघतात.

थंडीत गाडी ठेवताना शक्यतो ई-५ पेट्रोलने टाकी काठोकाठ भरा, नळ बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे फ्लोट बोल रिकामे होतात, आणि ऑइल वसंतात बदलण्यापेक्षा ठेवण्याआधी बदला, २०डब्ल्यू-५०, फिल्टरसह अडीच लिटर. फिल्टरच्या कव्हरमागची रबरी रिंग आणि पत्र्याची चकती जशी निघाली तशीच, त्याच क्रमाने बसवायची. ती चुकली तर ऑइलचं प्रेशर आतल्या आत गळतं आणि बेअरिंग जातात.

हे सगळं करून झाल्यावर गाडी भारतात न्यायचा विचार येतोच, गणपतीत कोकणात बॉक्सर फिरवायचं स्वप्न सगळ्यांचंच. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट आहे, आणि जुन्या व्हिंटेज गाड्यांच्या सवलतीत ऐंशीच्या दशकातली आर ८० अजून बसत नाही. गाडी इथेच विका. मात्र माळ्यावरची मूळ फ्रेम, मूळ सायलेन्सर आणि ट्यूफचे सगळे शेरे सोबत द्या. मॉडिफाइड बॉक्सरला चांगला भाव येतो तो या गाठोड्यामुळे.